कँडलस्टिक चार्ट वाचायचा क्रम : पॅटर्नचं नाव सगळ्यात शेवटी

कँडलस्टिक चार्टवरची प्रत्येक कँडल एका दिवसाचे (किंवा निवडलेल्या काळाचे) चार भाव दाखवते : उघडण्याचा, उच्चांक, नीचांक आणि बंद. हॅमर, डोजी, एनगल्फिंग ही कँडलच्या आकारांची, म्हणजे पॅटर्नची, चित्रं दोन दिवसांत पाठ होतात. नवशिक्यांची चूक सहसा तिथे होत नाही, ती होते क्रमात. चार्ट उघडला की नजर थेट शेवटच्या कँडलवर जाते. तिला नाव दिलं जातं, नावावरून दिशा ठरते आणि मग त्या दिशेला साजेशी कारणं मागच्या चार्टवर शोधली जातात. आधी कळस, मग पाया. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. सुरुवातीला तो कंटाळवाणा वाटेल, कारण पहिल्या पाच पायऱ्यांत एकाही पॅटर्नचं नाव घ्यायचं नाही.

## पायरी १ : चार्ट आधी नीट लावून घ्या

सॉफ्टवेअर जसा चार्ट दाखवेल तसाच वाचायला बसू नका. आधी पाच गोष्टी तपासा.

कँडलचा प्रकार. बऱ्याच जणांच्या चार्टवर नकळत हायकिन-आशी (सरासरीवरून काढलेल्या कँडल) लागलेलं असतं. रंग सलग दिसतात, चार्ट शांत वाटतो, म्हणून ते तसंच राहतं. पण त्यातला बंद भाव ही त्या दिवसाच्या चारही भावांची सरासरी असते, आणि उघडण्याचा भाव हा आदल्या हायकिन-आशी कँडलच्या बॉडीचा (जाड भागाचा) मध्य असतो. म्हणजे चार्टवर जो बंद भाव दिसतो, त्या भावाला बाजार बंद झालेलाच नसतो. गॅप (आदल्या बंद भावापासून आजच्या उघडण्याच्या भावापर्यंतची उडी) त्यात जवळजवळ दिसत नाहीत आणि नेहमीच्या पॅटर्नचे नियम तिथे चालत नाहीत. शिकताना साधी कँडलच लावा.

समायोजन. एका शेअरचे पाच झाले की भाव रातोरात पाचव्या हिश्श्यावर येतो. चार्ट ॲडजस्टेड नसेल तर तिथे ८० टक्क्यांची घसरण दिसते, आणि त्यापूर्वीचे सपोर्ट-रेझिस्टन्स (भाव जिथून वर किंवा खाली वळतो त्या पातळ्या) सगळे निरुपयोगी ठरतात. लाभांशासाठीही समायोजन लावता येतं, पण त्याने जुने भाव थोडे खाली सरकतात. लावायचं की नाही ते एकदा ठरवा आणि तेच कायम ठेवा, नाहीतर मागच्या महिन्यात आखलेली रेघ आज भलतीकडेच दिसेल.

मोजपट्टी. साध्या मोजपट्टीवर ५० ते १०० आणि ५०० ते ५५० या दोन्ही चाली सारख्याच उंच दिसतात. पहिली १०० टक्के आहे, दुसरी १०. वर्षाहून मोठा काळ बघताना लॉग मोजपट्टी (सारखी टक्केवारी सारख्याच उंचीची दाखवणारी) लावा.

कालावधी. डेली चार्ट (एक कँडल म्हणजे एक दिवस), पडद्यावर साधारण १२० ते १५० कँडल. याहून कमी दिसल्या तर जागा कळत नाही, फार जास्त दिसल्या तर विक (बॉडीच्या वर-खालची बारीक रेघ) दिसत नाही.

इंडिकेटर, म्हणजे भावावरून गणित करून काढलेल्या जादा रेघा. सगळे काढा. खाली व्हॉल्यूम (दिवसभरात किती शेअरचे सौदे झाले तो आकडा) आणि त्याची २० दिवसांची सरासरी एवढंच ठेवा.

आणि शेअर असा घ्या की ज्यात दिवसभर सौदे होतात. तुरळक सौद्यांच्या शेअरमध्ये कँडल म्हणजे नुसते ठिपके आणि आडव्या रेघा. तिथे डोजी (जिचं उघडणं आणि बंद होणं जवळजवळ एकाच भावाला) पावलोपावली दिसते आणि तिला काही अर्थ नसतो. भाव दैनंदिन मर्यादेला जाऊन अडकला असेल, तर उघडणं, उच्चांक, नीचांक आणि बंद हे चारही एकच आकडा होऊ शकतात. ती आडवी रेघ म्हणजेही डोजी नव्हे. समोर विकणारा, किंवा घेणारा, उरलाच नाही एवढंच ती सांगते.

> तपासणी : गेल्या आठवड्यातला कुठलाही एक दिवस निवडा, कर्सर कँडलवर न्या आणि चारही भाव बाजाराने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांशी ताडून बघा. बंद भावात थोडा फरक असेल तर घाबरू नका. काही बाजारांत बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नसतो, तो शेवटच्या काही मिनिटांची सरासरी किंवा वेगळ्या लिलावाचा भाव असतो. उच्चांक आणि नीचांक मात्र जुळलेच पाहिजेत.

## पायरी २ : एका कँडलचे चार आकडे वाचा

कँडलची जाड बॉडी म्हणजे उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या भावामधलं अंतर. वरची विक उच्चांकापर्यंत जाते, खालची नीचांकापर्यंत. एवढं सगळ्यांना येतं. गोंधळ होतो तो रंगात.

हिरवी कँडल म्हणजे शेअर वाढला, हे अर्धसत्य आहे. रंग त्याच कँडलच्या उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या भावावरून ठरतो, कालच्या बंद भावावरून नव्हे. काल भाव १०० ला बंद झाला, आज १०६ ला उघडला आणि १०३ ला बंद झाला, तर कँडल लाल दिसेल, पण शेअर ३ टक्के वर आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये पोकळ कँडलचा प्रकार असतो. त्यात रंग कालच्या बंद भावाशी तुलना करून येतो, आणि बॉडी पोकळ की भरीव हे आजच्या उघडण्यावरून ठरतं. आपल्या पडद्यावर कुठला नियम चालतो ते सेटिंगमध्ये बघून घ्या.

दुसरी गोष्ट कँडल सांगतच नाही : आतला प्रवास. भाव आधी खाली जाऊन वर आला, की आधी वर जाऊन खाली आला आणि पुन्हा चढला, हे चार आकड्यांत नसतं. त्यामुळे ‘सकाळी विकणारे होते, दुपारी घेणारे आले’ अशी गोष्ट डेली कँडलवरून रचू नका. ती हवी असेल तर छोट्या टाइमफ्रेमवर, म्हणजे कमी काळाच्या कँडलवर, जाऊन बघा.

आकाराला नाव देण्याऐवजी दोन गुणोत्तरं काढायची सवय लावा.

- बॉडीचा वाटा : बॉडीची लांबी भागिले पूर्ण कँडलची लांबी. ७० टक्क्यांच्या वर असेल तर दिवसभर एका बाजूचा जोर टिकला. १० टक्क्यांच्या आत असेल तर निकाल लागला नाही.
- बंद होण्याची जागा : बंद भाव वजा नीचांक, भागिले पूर्ण लांबी. १०० टक्क्यांच्या जवळ म्हणजे कँडल आपल्या उच्चांकापाशी बंद झाली, शून्याच्या जवळ म्हणजे नीचांकापाशी.

दुसरं गुणोत्तर रंगापेक्षा जास्त बोलतं. लाल कँडल ९० टक्क्यांवर बंद झाली असेल, तर ती १५ टक्क्यांवर बंद झालेल्या हिरव्या कँडलपेक्षा बळकट आहे. पहिल्या २० कँडलसाठी हे कागदावर काढा. मग डोळ्यालाच कळू लागतं.

## पायरी ३ : कँडल कुठे आहे ते ठरवा

आता शेवटच्या दोन-तीन कँडल हाताने झाका. खरंच झाका, कागद धरा. उरलेल्या चार्टवर हे काम करा :

1. आधी वीकली चार्टवर जा आणि दिशा बघा. मग डेलीवर परत या.
2. डेलीवर वळणबिंदूंवर खुणा करा. ज्या कँडलचा उच्चांक तिच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन कँडलपेक्षा वर आहे, तो वरचा वळणबिंदू. खालचा याच्या उलट. उजवीकडे तीन कँडल झाल्याशिवाय वळणबिंदू पक्का होत नाही, त्यामुळे कालच्या उच्चांकाला घाईने ‘टॉप’ म्हणू नका.
3. शिखरं आणि तळ दोन्ही चढत असतील तर तेजी, दोन्ही उतरत असतील तर मंदी. एक चढतंय आणि दुसरं उतरतंय, किंवा दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत, तर दिशा नाही. ‘दिशा नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. ते लिहायला लाजू नका.
4. भाव जिथून किमान दोनदा वळला तिथे पट्टा आखा. रेघ नको, पट्टा. एकदा २४४ वरून आणि एकदा २४८ वरून वळला असेल, तर पट्टा २४४ ते २४८.

पट्टे तीन-चारच ठेवा. १५ रेघा आखल्या की प्रत्येक कँडल कुठल्या ना कुठल्या रेघेला टेकतेच, आणि मग सगळाच चार्ट सपोर्ट होऊन बसतो.

> इशारा : दोन पट्ट्यांच्या मधोमध, काहीच नसलेल्या जागी आलेला सुंदर पॅटर्न सोडून द्या. आकार कितीही रेखीव असो.

## पायरी ४ : मोठी की छोटी, ते सरासरीवरून ठरवा

पडद्यावर कँडल मोठी दिसते, कारण सॉफ्टवेअर उपलब्ध जागेत चार्ट ताणून बसवतं. झूम बदला, तीच कँडल छोटी दिसेल. म्हणून एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज) बघा, १४ दिवसांचा. हा सरासरी पल्ला काढताना रोजच्या उच्चांक-नीचांकातलं अंतरच नव्हे, तर कालच्या बंद भावापासून पडलेली गॅपही धरली जाते. आकडा लिहून झाला की एटीआर पुन्हा बंद करा.

कँडलची लांबी एटीआरच्या निम्म्याहून कमी असेल तर ती बिनमहत्त्वाची समजा, आकार कोणताही असो. एक ते दीड पट असेल तर लक्ष द्या. अडीच-तीन पट असेल तर आधी बातमी शोधा : तिमाही निकाल, विलीनीकरण, मोठा ठोक सौदा. अशा दिवसाची कँडल बाजाराचं मन सांगत नाही, बातमीची प्रतिक्रिया सांगते. तिच्यावर पॅटर्नचे नियम लावण्यात हशील नाही.

## पायरी ५ : व्हॉल्यूम

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कँडलच्या दिवसाचा व्हॉल्यूम २० दिवसांच्या सरासरीच्या किती पट आहे तेवढं लिहा. पट्ट्यापाशी लांब विक आणि दीडपट-दुप्पट व्हॉल्यूम असेल, तर तिथे खरोखर देवाणघेवाण झाली. तीच विक निम्म्या व्हॉल्यूमवर असेल, तर एखाद-दोन ऑर्डरनीही पडलेली असू शकते.

व्हॉल्यूमच्या हिरव्या-लाल रंगाला ‘खरेदीचा व्हॉल्यूम’ आणि ‘विक्रीचा व्हॉल्यूम’ समजू नका. प्रत्येक सौद्यात जितके शेअर विकले तितकेच घेतले जातात. त्या उभ्या पट्टीला फक्त कँडलचा रंग दिलेला असतो.

## पायरी ६ : आता नाव द्या

सुरुवातीला पाच-सहा नावं पुरतात.

- हॅमर : छोटी बॉडी वरच्या टोकाला, खालची विक बॉडीच्या किमान दुप्पट, वरची विक नाममात्र. बॉडीचा रंग दुय्यम. आधी घसरण झालेली असलीच पाहिजे.
- हँगिंग मॅन : आकार हुबेहूब हॅमरचा, पण चढणीनंतर आलेला. चित्रावरून या दोघांत फरक करताच येत नाही, फक्त जागेवरून करता येतो. म्हणूनच पायरी ३ आधी.
- शूटिंग स्टार : हॅमर उलटा धरलेला, चढणीनंतर. घसरणीनंतर तोच आकार आला तर तो इन्व्हर्टेड हॅमर.
- एनगल्फिंग : दुसरी बॉडी पहिल्या बॉडीला पूर्ण झाकते आणि रंग विरुद्ध असतो. मोजायचं बॉडीशी बॉडी, विकशी नाही. पहिली कँडल चिमुकली असेल तर तिला कुणीही झाकेल, असा पॅटर्न धरू नका.
- डोजी : उघडणं आणि बंद होणं जवळजवळ एकाच भावाला. एकटी डोजी दिशा सांगत नाही.
- इनसाइड बार : पूर्ण कँडल, विकसकट, आदल्या कँडलच्या आत. बाजार दम खातोय. कुठल्या बाजूने बाहेर पडतो ते बघायचं.

मॉर्निंग स्टार, पिअर्सिंग वगैरे दोन-तीन कँडलचे पॅटर्न पाठ करण्याआधी कँडल जोडायला शिका. दोन कँडलची एक करायची असेल तर पहिलीचा उघडण्याचा भाव, दोघींतला मोठा उच्चांक, दोघींतला छोटा नीचांक आणि दुसरीचा बंद भाव घ्या. उदाहरणार्थ, पहिली कँडल १०० ला उघडली, १०१ आणि ९५ ला जाऊन ९६ ला बंद झाली. दुसरी ९५ ला उघडली, ९३ आणि १०३ ला जाऊन १०२ ला बंद झाली. हे बुलिश (तेजीचं) एनगल्फिंग झालं. आता जोडा : उघडणं १००, उच्चांक १०३, नीचांक ९३, बंद १०२. बॉडी २, खालची विक ७, वरची १. हा हॅमर आहे! दोन वेगळी नावं, घटना एकच. घड्याळाने काप कुठे घेतला एवढाच फरक. हे एकदा हाताने करून बघितलं की पन्नास पॅटर्नची यादी पाठ करायची हौस बरीच कमी होते.

## पायरी ७ : कँडल बंद होऊ द्या, मग पुढची बघा

सर्वाधिक पैसे इथे जातात. दुपारी हॅमर दिसतो, बाजार बंद होताना तीच लांब लाल कँडल झालेली असते. चालू कँडलला आकार नसतो. तिचा बंद भाव म्हणजे त्या क्षणाचा भाव, प्रत्येक सौद्याला तो बदलतो. बंद होण्याआधी नाव देणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणं. वीकली कँडललाही हाच नियम : बुधवारी वीकली हॅमर नसतो.

बंद झाल्यानंतरही खात्री पुढची कँडल देते. हॅमर असेल तर त्याच्या उच्चांकाच्या वर बंद भाव हवा. नुसता वर जाऊन परत आलेला भाव चालत नाही. तीन-चार कँडलमध्ये खात्री मिळाली नाही, किंवा हॅमरचा नीचांक तुटला, तर तो पॅटर्न संपला. खोडून टाका.

## पायरी ८ : सौदा करण्याजोगा आहे का

वाचन बरोबर असणं आणि सौदा बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उदाहरण पूर्ण घेऊ. शेअर ३०० वरून उतरत आलाय, आधीचा सपोर्ट पट्टा २४४ ते २४८, वरचा अलीकडचा वळणबिंदू २६८, एटीआर ६, सरासरी व्हॉल्यूम ४ लाख.

| दिवस | उघडला | उच्चांक | नीचांक | बंद | व्हॉल्यूम |
|---|---|---|---|---|---|
| १ | २५८ | २५९ | २५१ | २५२ | ४.२ लाख |
| २ | २५१ | २५३ | २४४ | २५२ | ७ लाख |
| ३ | २५२ | २५४ | २४९ | २५० | ३.५ लाख |
| ४ | २५१ | २५७ | २५० | २५६ | ५.५ लाख |

दुसऱ्या दिवशी लांबी ९, म्हणजे एटीआरच्या दीडपट. बॉडी १, खालची विक ७, बंद होण्याची जागा ८९ टक्के, व्हॉल्यूम पावणेदोन पट, आणि नीचांक बरोबर पट्ट्यात. हॅमर, योग्य जागी. तिसऱ्या दिवशी भाव २५३ च्या वर डोकावला आणि २५० ला बंद झाला. ज्याने २५३.५० ला घाईने घेतला तो त्याच संध्याकाळी तोट्यात. चौथ्या दिवशी २५६ ला बंद : खात्री मिळाली.

आता हिशोब. स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी विकून बाहेर पडायचा भाव) हॅमरच्या नीचांकाखाली, २४३. २५६ ला घेतला तर जोखीम १३, आणि पहिला अडथळा २६८ म्हणजे वाव १२. तेरा गमवायची तयारी ठेवून बारा कमवायला जाणं हा सौदा नव्हे. पॅटर्न खरा, खात्री खरी, तरी उत्तर ‘नाही’. भाव परत २५० पर्यंत आला तर जोखीम ७ आणि वाव १८, तेव्हा विचार करता येईल. नाही आला तर नाही आला.

शेअर किती घ्यायचे तेही इथेच ठरतं. भांडवल १ लाख आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० इतकीच जोखीम असेल, तर १,००० भागिले ७, म्हणजे १४२ शेअर. स्टॉपलॉस सोयीसाठी जवळ आणून शेअरची संख्या वाढवू नका. २४८ चा स्टॉपलॉस पट्ट्याच्या आत आहे, तिथे भाव रोजच्या हेलकाव्यातही जाऊन येतो.

> इशारा : स्टॉपलॉस लावला म्हणजे त्याच भावाला सुटका होईल याची हमी नसते. सकाळी भाव २३५ ला उघडला तर सौदा २३५ च्या आसपासच कापला जाईल. १४२ शेअरवर ठरवलेल्या १,००० ऐवजी तोटा २,१०० च्या वर. निकालाच्या आदल्या दिवशी घेताना हे आठवा.

## सराव कसा करायचा

जुना चार्ट घ्या, उजवी बाजू झाका किंवा रिप्ले (जुना चार्ट पुन्हा चालवून दाखवणारी सोय) वापरा, आणि एकेक कँडल उघडत जा. शेअरचं नाव आणि तारीख दिसणार नाही अशी सोय करा, नाहीतर पुढे काय झालं ते आठवतं आणि मग आपण हुशार असल्याचा भास होतो.

वहीत प्रत्येक नोंदीला सात रकाने : दिशा, पट्टा, एटीआरच्या किती पट, व्हॉल्यूम किती पट, पॅटर्न, खात्रीचा भाव, पॅटर्न कुठे मोडला म्हणायचं. सातही भरल्याशिवाय पुढची कँडल उघडायची नाही. जिथे ‘काही नाही’ असं ठरवलं तेही लिहा, नाहीतर नोंदी फक्त जमलेल्या उदाहरणांच्या होतात. ५० नोंदी झाल्या की पॅटर्नच्या रकान्यावर कागद ठेवा आणि उरलेल्या सहा रकान्यांवरून, पुढे काय झालं ते तपासा. ज्या रकान्यात वारंवार चूक सापडेल, पुढच्या ५० नोंदींत त्या पायरीला दुप्पट वेळ द्या.